विश्लेषण : महासंगणक वेगवान, तरी उत्तराला उशीर का? ‘मेमरी’ची कोंडी कशी ओळखतात?

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार हे हळद, सोयाबीन आणि कापसाच्या पट्ट्यातले बाजाराचे गाव. हे गाव ज्या औंढा नागनाथ तालुक्यात येते, त्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारली जाणार आहे. वेधशाळा म्हटले की लेझर, आरसे आणि लांबच लांब नळ्या डोळ्यांसमोर येतात. पण लहर खरोखर ‘सापडते’ ती संगणकात. तिथे एक जुनाच पेच आहे. सेकंदाला अब्जावधी गणिते करू शकणारा प्रोसेसर बराच वेळ हातावर हात ठेवून बसलेला असतो, कारण त्याच्यापर्यंत आकडेच वेळेत पोहोचत नाहीत. याला संगणकाच्या भाषेत ‘मेमरी बॉटलनेक’ म्हणतात. हा पेच काय आहे, तो कसा पकडतात आणि शेतकऱ्याच्या हवामान अंदाजाशी त्याचा काय संबंध आहे, ते पाहू या.

लायगो-इंडिया प्रकल्प काय आहे?

या प्रकल्पाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असे या वेधशाळेचे स्वरूप आहे. पुण्याची ‘आयुका’, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय अशा संस्था यात सहभागी आहेत.

अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि वेधशाळेत पोहोचलेला संकेत जेमतेम ०.२ सेकंदांचा होता. असा संकेत गोंगाटातून वेगळा काढायचा म्हणजे तो कसा दिसेल याचे नमुने आधीच तयार ठेवायचे आणि आलेला डेटा प्रत्येक नमुन्याशी ताडून पाहायचा. या नमुन्यांना ‘टेम्प्लेट’ म्हणतात. ही पद्धत गुरुत्वीय लहरींसाठी कशी वापरायची, टेम्प्लेट कोणती आणि किती लागतील, याचा पाया घालणाऱ्या कामांत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा शोधनिबंध मोडतो. दोघेही आयुकाशी संबंधित. म्हणजे वेधशाळा औंढ्याला येण्याच्या कितीतरी आधी तिचे गणित पुण्यात सुरू झाले होते. लायगोचा डेटा तपासण्यासाठी आयुकात ‘सारथी’ नावाचा संगणक-समूहही आहे.

यात अनेकांना चकवणारी एक गोष्ट आहे. लायगोचा मूळ संकेत म्हणजे सेकंदाला १६,३८४ आकडे. तेवढी जागा मोबाइलवरच्या साध्या फोटोलाही लागते. मग एवढा मोठा संगणक-समूह कशाला? कारण डेटा छोटा असला तरी टेम्प्लेट लाखांत आहेत. लायगोच्या पहिल्या निरीक्षण फेरीतच सुमारे अडीच लाख टेम्प्लेट वापरली गेली. तोच डेटा पुन्हा पुन्हा मेमरीतून उचलायचा, गुणायचा, ठेवायचा. कोंडी होते ती या ने-आणीत.

मेमरी अडते म्हणजे नेमके काय होते?

हळदीच्या हंगामातला मोंढा आठवा. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पोते ठेवले की दोन सेकंदांत वजन येते. पण गोदामातून काट्यापर्यंत पोती आणणारे हमाल चारच आहेत आणि गल्ली अरुंद आहे. अशा वेळी बाजार समितीने आणखी वेगवान काटा आणला तर? मापाडी आणखी जास्त वेळ रिकामा बसेल, एवढेच.

संगणकात काटा म्हणजे प्रोसेसर, गोदाम म्हणजे मुख्य मेमरी (रॅम) आणि गल्ली म्हणजे त्या दोघांमधली ‘बँडविड्थ’, अर्थात सेकंदाला किती बाइट ये-जा करू शकतात ते. काट्याशेजारी एक छोटा ओटा असतो, ज्यावर पुढची दहा-वीस पोती आधीच आणून ठेवता येतात. तो म्हणजे ‘कॅश’ मेमरी. ओट्यावरचे पोते लगेच मिळते. गोदामातून आणायचे तर साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. ऐकायला हा वेळ क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अडीचशे-तीनशे ठोके वाया जातात.

ही दरी आजची नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्ये तिला ‘मेमरी वॉल’ म्हटले. प्रोसेसरचा वेग दरवर्षी झपाट्याने वाढतो आहे आणि मेमरीचा रांगत रांगत, तेव्हा एक दिवस सगळा वेळ मेमरीची वाट पाहण्यातच जाईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. मोठ्या कॅश, एकाच चिपवर अनेक कोअर, मेमरीच्या जास्त वाहिन्या अशा युक्त्यांनी तो दिवस पुढे ढकलला गेला, पण भिंत जागेवरच आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मोबाइल घेताना ‘८ जीबी की १२ जीबी’ असा प्रश्न दुकानदार विचारतो, तो गोदाम किती मोठे आहे याचा असतो. गल्ली किती रुंद आहे, हे त्यातून कळत नाही. महासंगणकाच्या बाबतीतही मेमरी ‘पुरते’ आणि तरीही ‘अडते’, असे सर्रास घडते.

आकड्यांत सांगायचे तर?

टेम्प्लेट ताडण्यातली एकच पायरी घेऊ. २५६ सेकंदांचा डेटा, सेकंदाला ४,०९६ आकडे. म्हणजे एकूण सुमारे साडेदहा लाख आकडे. प्रत्येक आकडा ‘कॉम्प्लेक्स’, म्हणजे ८ बाइटचा. डेटातला एक आकडा वाचायचा, टेम्प्लेटमधला एक वाचायचा, गुणाकार करायचा आणि उत्तर लिहून ठेवायचे. दर आकड्यामागे २४ बाइटची वाहतूक आणि आकडेमोड किती, तर फक्त सहा क्रिया.

आता हिशेबासाठी एक सर्व्हर धरू, जो सेकंदाला ३,००० अब्ज क्रिया करू शकतो आणि ज्याची मेमरी सेकंदाला २०० अब्ज बाइट पुरवते. सध्याच्या संशोधन संस्थांतल्या यंत्रांशी हे प्रमाण बऱ्यापैकी जुळते. या यंत्रावर वरच्या पायरीची आकडेमोड सुमारे २ मायक्रोसेकंदांत होते. पण आकड्यांच्या ने-आणीला लागतात सुमारे १२६ मायक्रोसेकंद. अडीच लाख टेम्प्लेटसाठी ही पायरी केली, तर निव्वळ गणित अर्ध्या सेकंदाचे आणि वाहतूक ३१ सेकंदांची. यंत्राची जेवढी गणिती ताकद विकत घेतली, तिच्यातली दोन टक्केही इथे वापरली जात नाही.

दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेतला तर? अर्ध्या सेकंदाचा पाव सेकंद होईल. ३१ सेकंद तसेच राहतील. कोट्यवधींची खरेदी करूनही ‘काही फरक पडला नाही’ अशी तक्रार येते, ती अशा ठिकाणी. (प्रत्यक्षात या गुणाकारानंतर ‘फूरिये ट्रान्सफॉर्म’ ही त्याहून जड पायरी येते. तिच्यात दर आकड्यामागे गणित जास्त असते. तरीही माहितीचा तुकडा कॅशमध्ये मावला नाही, तर तीही गोदामाच्या फेऱ्या मारू लागते.)

उशिराने बिघडते काय?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लहर आली. त्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत पोहोचला. जगभरच्या दुर्बिणींना ती जागा शोधायची होती, कारण अशा धडकेची चमक काही तासांत रंग बदलते आणि मग विझत जाते. खगोलशास्त्रज्ञांना सूचना जायला बराच वेळ लागला आणि एनजीसी ४९९३ या दीर्घिकेतला तो ठिपका सुमारे ११ तासांनी सापडला. हा विलंब मेमरीमुळे झाला नव्हता, हे स्पष्ट करायला हवे. नेमक्या त्याच क्षणी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात गोंगाटाचा एक झटका येऊन गेल्याने स्वयंचलित शोध अडखळला होता. पण तेव्हापासून सूचना मिनिटाच्या आत जावी यासाठी सगळी साखळी आवळली गेली. अशा वेळी एका पायरीतले ३० सेकंद म्हणजे अर्धे अंदाजपत्रक. औंढ्याची वेधशाळा सुरू झाली की आकाशातली जागा अधिक नेमकी सांगता येईल. पण ती सांगायचीही वेळेत.

निदान कसे करतात?

पहिला सापळा म्हणजे संगणकाचा स्वतःचाच अहवाल. ‘टास्क मॅनेजर’ किंवा लिनक्सचा ‘टॉप’ उघडला, तर प्रोसेसर १०० टक्के ‘व्यग्र’ दिसतो. कारण मेमरीतून आकडा येण्याची वाट पाहणे हेसुद्धा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबी कामच असते. मापाडी काट्याजवळ उभा आहे म्हणजे हजेरी लागली. त्याने पोती किती मोजली, हे हजेरीपटात दिसत नाही. नवखे प्रोग्रामर इथेच फसतात आणि प्रोसेसर कमी पडतोय असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

दुसरी पायरी म्हणजे आजार कोणता, हे ठरवणे. जागाच संपली असेल, तर संगणक डिस्कवर माल टाकू लागतो आणि काम अक्षरशः ठप्प होते. हे ओळखणे सर्वांत सोपे. जागा आहे पण एकेक आकडा दूरवरून, क्रम नसताना आणावा लागत असेल, तर तो विलंबाचा (लेटन्सी) आजार. आणि आकडे सलग येताहेत, पण गल्लीच भरून वाहते आहे, तर तो बँडविड्थचा. शेवटच्या दोघांची लक्षणे वरून सारखी दिसतात, औषधे मात्र वेगळी आहेत.

यासाठी दोन फुकटच्या चाचण्या आहेत. एक : प्रोग्राम १ कोअरवर चालवा, मग २, ४, ८, १६ कोअरवर. सुरुवातीला वेग दुप्पट-चौपट होतो आणि सहा-आठ कोअरनंतर जागच्या जागी थांबतो, असे दिसले तर गल्ली भरली आहे, असा संशय घ्यायचा. दोन : प्रोसेसरचा वेग मुद्दाम वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी करा. तरीही कामाला जवळपास तेवढाच वेळ लागला, तर प्रोसेसर तसाही बसून होता हे उघड झाले. दुसरी चाचणी ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्याइतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

संशय पक्का करायला मोजमाप लागते. अमेरिकी संशोधक जॉन मॅकॅल्पिन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्ट्रीम’ नावाची छोटी चाचणी लिहिली. मोठमोठ्या यादीतले आकडे नुसते कॉपी करणे, गुणणे, बेरीज करणे एवढेच ती करते आणि यंत्राची मेमरी प्रत्यक्षात सेकंदाला किती पुरवठा करते ते सांगते. कंपनीच्या माहितीपत्रकावरचा आकडा आणि हा आकडा यांत फरक असतोच. मग ‘पर्फ’, ‘लिक्विड’, ‘व्हीट्यून’ यांसारख्या साधनांनी प्रोसेसरच्या आतले मोजणीयंत्र वाचायचे : कॅशमध्ये किती वेळा आकडा सापडला नाही, किती ठोके वाट पाहण्यात गेले, किती बाइट आले-गेले. प्रोग्रामची वाहतूक ‘स्ट्रीम’च्या आकड्याच्या जवळ पोहोचली असेल, तर निदान झाले.

हे सगळे एका चित्रात मांडण्याची पद्धत सॅम्युएल विल्यम्स, अँड्र्यू वॉटरमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी २००९ मध्ये मांडली. तिचे नाव ‘रूफलाइन’. आडव्या अक्षावर ‘दर बाइटमागे किती गणित’ आणि उभ्या अक्षावर ‘सेकंदाला किती गणित’. चित्रात घराच्या छपरासारखी रेघ दिसते : आधी उतार, मग सपाट. उतारावरच्या प्रोग्रामला मेमरी अडवते, सपाट भागातल्याला प्रोसेसर. वरच्या उदाहरणात २४ बाइटमागे सहा क्रिया, म्हणजे बाइटमागे पाव क्रिया. त्या यंत्राचा उतार संपतो बाइटमागे १५ क्रियांना. म्हणजे हा प्रोग्राम उताराच्या अगदी तळाशी उभा आहे. नवा प्रोसेसर मागवण्याआधी हे चित्र काढायला अर्धा दिवस पुरतो.

चूक कधी कधी प्रोग्राममध्येच असते?

बऱ्याचदा. मेमरीतून एक आकडा मागितला तरी यंत्र एकदम ६४ बाइटचा गठ्ठा आणते. ८ बाइटचे आठ आकडे त्यात बसतात. प्रोग्रामने ते आठही वापरले तर उत्तम. पण तो दर गठ्ठ्यातला एकच आकडा घेऊन पुढे गेला, तर गल्लीतली आठपैकी सात पोती विनाकारण आली आणि गेली. तक्ता आडव्या ओळींनी वाचायचा की उभ्या स्तंभांनी, एवढ्यावर हे ठरते. ‘सी’ भाषेत ओळी सलग ठेवल्या जातात, ‘फोरट्रान’मध्ये स्तंभ. पहिल्या वर्षाला सी शिकलेला इंजिनीअर हवामानाचा जुना फोरट्रान प्रोग्राम हाती घेतो आणि दोन लूप उलटे लिहितो. उत्तर बरोबर येते, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त वेळ कितीतरी पट लागतो.

दुसरी नेहमीची चूक दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर होते. अशा यंत्रात प्रत्येक प्रोसेसरचे स्वतःचे गोदाम असते. शेजारच्याचे गोदाम वापरता येते, पण वळसा घालून. लिनक्समध्ये मेमरीचे पान साधारणपणे त्याला पहिला हात लावणाऱ्या कोअरजवळ जाते. सुरुवातीला एकाच कोअरने सगळ्या याद्या शून्याने भरल्या, तर सगळा माल एकाच गोदामात जातो आणि नंतर अर्धे कोअर दिवसभर वळसे घालत बसतात. ज्या कोअरने पुढे काम करायचे, त्यानेच सुरुवातीला आपला भाग भरावा, एवढी दुरुस्ती पुरते.

हवामान अंदाजाचे काय?

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हळद शिजवून उघड्यावर वाळत घातलेली असते. तेव्हा अवकाळी पाऊस येणार का, हा जवळा बाजार परिसरातला खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधणारा मोठा संगणक पुण्यात, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहे. तिथला ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. तिने अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली.

जाळीचा चौकोन निम्मा केला की बिंदू चौपट होतात आणि गणिताच्या पायऱ्याही साधारण दुप्पट घ्याव्या लागतात. हवामानाच्या प्रारूपात प्रत्येक बिंदूवर तापमान, वारा, दाब, आर्द्रता असे अनेक आकडे असतात. दर पायरीला प्रोग्राम सगळ्या जाळीवरून फिरतो, प्रत्येक बिंदूवर शेजाऱ्यांचे आकडे घेऊन मोजक्या क्रिया करतो आणि पुढे जातो. हा बहुतांश भाग ‘रूफलाइन’च्या उतारावरच येतो. म्हणून ‘इतके पेटाफ्लॉप्स’ या बातमीतून अंदाज किती वेळात मिळेल, हे कळत नाही.

जगातल्या क्रमवारीतही हाच खेळ दिसतो. जून २०२५ च्या यादीत पहिला असलेला अमेरिकेचा ‘एल कॅपिटन’ नेहमीच्या चाचणीत १,७४२ पेटाफ्लॉप्स दाखवतो, तर जपानचा ‘फुगाकू’ ४४२. पण मेमरीवर ताण देणारी ‘एचपीसीजी’ ही दुसरी चाचणी घेतली, की एल कॅपिटन १७.४१ वर येतो आणि फुगाकू १६ वर. चौपट पुढे असलेले यंत्र तिथे कसेबसे पुढे राहते. फुगाकूच्या प्रत्येक प्रोसेसरला अतिवेगवान ‘एचबीएम’ मेमरी चिकटवलेली आहे, हे त्यामागचे मोठे कारण. मथळ्यात येतो तो पहिला आकडा. हवामानवाल्यांनी पाहायला हवा तो दुसरा.

उपाय काय आहेत?

एक बाजू यंत्राची. एनव्हीडियाचा ‘एच२००’ हा चिप गणिताच्या ताकदीत आधीच्या ‘एच१००’इतकाच आहे, मेमरी मात्र ८० जीबीवरून १४१ जीबी आणि तिचा वेग सेकंदाला ३.३५ टेराबाइटवरून ४.८ टेराबाइट झाला. एआयची मोठी मॉडेल्स उत्तर लिहिताना मेमरीपाशीच अडतात. त्यामुळे तेवढ्या बदलावर नवा चिप विकला गेला.

दुसरी बाजू प्रोग्रामची, आणि ती स्वस्त आहे. वरच्या उदाहरणात गुणाकाराचे उत्तर मेमरीत लिहून पुढच्या पायरीत पुन्हा वाचण्याऐवजी दोन्ही पायऱ्या जोडल्या, तर एक पूर्ण फेरी वाचते. डेटाचा तुकडा एकदा ओट्यावर आणून त्याच्यावर दहा-वीस टेम्प्लेट एकामागून एक चालवली, तर डेटा दरवेळी आणावा लागत नाही. जिथे अचूकता परवडते तिथे ८ बाइटऐवजी ४ बाइटचे आकडे वापरले, तर ३१ सेकंदांचे साडेपंधरा होतात, तेही स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता.

गुरुत्वीय लहरींच्या संशोधकांनी याहून मुळावर घाव घातला आहे. शेजारशेजारची टेम्प्लेट जवळजवळ सारखीच असतात, हे ओळखून त्यांच्या गटातून मोजकी मूळ रूपे काढायची आणि ताडून पाहण्याचे काम तेवढ्यांशीच करायचे. शिवाय दोन तारे एकमेकांभोवती हळू फिरत असतात तोपर्यंतच्या संकेताला सेकंदाला थोडेच आकडे पुरतात; दाट नोंद लागते ती शेवटच्या क्षणांना. ‘जीएसटीएलएएल’ या शोधप्रणालीत या दोन्ही युक्त्या वापरल्या आहेत. त्यामुळे धडक होण्याच्या काही सेकंद आधीच सूचना देणे शक्य कोटीत आले. लायगो-इंडिया २०३० च्या सुमारास पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. तोवर भुजा, आरसे आणि नळ्यांचे काम औंढ्याला चालेल. टेम्प्लेटची पोती कमी करण्याचे काम पुण्यात आजही सुरू ठेवता येते, त्याला वेधशाळा उभी राहण्याची वाट पाहावी लागत नाही.